वॉर्मर रिकामा दिसतो, तरी ‘बेड नाही’ का सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका दादांच्या बहिणीची ३१व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली. बाळ १,३०० ग्रॅमचं, आणि डिलिव्हरी झाली त्या ठिकाणी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, नव्हता. रात्री दोन हॉस्पिटलांना फोन केले, दोन्हीकडून ‘बेड नाही’ असं उत्तर आलं. त्यातल्या एका ठिकाणी त्यांचा मित्र स्वतः जाऊन आला, तर काचेतून दोन वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे पाळणे, रिकामे दिसले. तिसऱ्या ठिकाणी बाळ घेतलं, पण रात्री चार बाळांना मिळून एकच सिस्टर. दादा विचारतात: हे पैशासाठीचं नाटक होतं का? लहान मुलांसाठी वेगळ्या शिकलेल्या नर्स असतात का, आणि असतात तर जातात कुठे? बाळ अजून आत आहे, तर आम्ही तिथे नेमकं काय विचारायचं?

ठाणे आणि नवी मुंबईत लहान मुलांच्या आयसीयूत मी बरीच वर्षं इन्चार्ज सिस्टर होते, आता नव्या मुलींना शिकवते. उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा, बाळ घरी आलं की उरलेलं.

नाटक असण्याची शक्यता कमी. रिकामा वॉर्मर म्हणजे बेड नव्हे. वॉर्मर, मॉनिटर, व्हेंटिलेटर विकत मिळतात, हप्त्यावर मिळतात, कुणीतरी देणगीतही देतं. रात्री दोन वाजता त्या वॉर्मरपाशी उभी राहणारी, सीपॅपवरचं (नाकातल्या नळ्यांनी दाबाखाली हवा देणाऱ्या यंत्रावरचं) बाळ हाताळायचा सराव असलेली सिस्टर अशी मिळत नाही. ती नसताना डॉक्टरांनी ‘बेड नाही’ म्हटलं तर ते प्रामाणिकपणे वागले असं मी म्हणेन. मला धास्ती वाटते ती कुठल्याही रात्री कुणालाच नाही न म्हणणाऱ्या युनिटची.

हे ड्युटीच्या तक्त्यावर कसं दिसतं ते सांगते. एका बेडजवळ चोवीस तास एक सिस्टर ठेवायची तर किती जणी लागतील? बहुतेक लोक म्हणतात तीन, कारण पाळ्या तीन. पण आठवड्याच्या पाळ्या होतात २१ आणि एक सिस्टर आठवड्यात सहाच करते, म्हणजे इथेच साडेतीन झाल्या. त्यावर रजा, आजारपण, बाळंतपण. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत यासाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ धरलं आहे. आकडा साडेचारच्या वर गेला. आता दहा बेडचं युनिट घ्या आणि दोन बाळांना एक सिस्टर धरा. प्रत्येक पाळीत पाच जणी, म्हणजे पटावर साधारण २३. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एकास एक द्यायची ठरवलीत तर त्याहून जास्त.

आपल्याकडची बरीचशी मुलांची हॉस्पिटलं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. इमारतीचा पहिला मजला, खाली मेडिकल, दोन-तीन बालरोगतज्ज्ञ भागीदार. त्यांना २३ पगार झेपत नाहीत. मी पाहिलेल्या अशा युनिटांत त्याच्या निम्म्याच्या आसपास सिस्टर असतात आणि उरलेली भर बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी किंवा डबल ड्युटीने काढली जाते. सगळं सुरळीत असताना ते चालतं. मग एका आठवड्यात एकीला ताप येतो, एकीचं लग्न निघतं, एक नोटीस न देता गावी जाते, आणि शहाणा डॉक्टर शेवटचे दोन वॉर्मर बंद ठेवतो. तुमच्या मित्राला काचेतून बहुधा तेच दिसलं.

चार बाळांना एक सिस्टर हे प्रमाण वाचून धक्का बसला असेल, म्हणून आणखी एक गोष्ट. सरकारी जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांसाठी केंद्राच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत प्रत्येक पाळीत तीन-चार बेडना एक सिस्टर धरलेली आहे. म्हणजे हे प्रमाण कागदावर अगदी अनोळखी नाही. पण ते दूध वाढवणं, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवणं (फोटोथेरपी), ऑक्सिजन, सलाईन अशा मधल्या पातळीच्या बाळांसाठीचं आहे. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला ते लावता येत नाही, आणि ३१ आठवड्यांचं सीपॅपवरचं बाळ पहिल्या तीन-चार दिवसांत कधी त्या पातळीला जाईल ते सांगता येत नाही.

‘पण सिस्टर म्हणजे सिस्टर, मोठ्यांच्या वॉर्डातली आणून उभी करा की,’ हे मी मालकांकडून ऐकलंय, नातेवाइकांकडून ऐकलंय आणि एकदा चक्क एका सर्जनकडूनही. म्हणून दोन-तीन गोष्टी जवळून दाखवते.

अमिकासिन हे नवजात बाळांना नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिक. त्याच्या कुपीत औषध असतं दोन मिली, पण एका कुपीत १०० मिलिग्रॅम, दुसरीत ५००. आकार सारखाच, लेबलवरचा आकडा तेवढा वेगळा. १,२०० ग्रॅमच्या बाळाला किलोला १५ मिलिग्रॅमने १८ मिलिग्रॅम द्यायचे झाले तर १०० च्या कुपीतून ०.३६ मिली काढायचे. स्टोअरमधून त्या दिवशी ५००ची कुपी आली आणि हाताने सवयीने ०.३६ मिलीच काढले, तर बाळाला जातात ९० मिलिग्रॅम. पाचपट. हे औषध जास्त झालं तर किडनीवर आणि कानांवर जातं. मोठ्या माणसाला आख्खी कुपी द्यायची असते, तिथे दशांश चिन्हाशी गाठच पडत नाही. आमच्याकडे प्रत्येक डोस असा दशांशात असतो, म्हणून दोघींनी मोजायचा आणि दोघींनी सही करायची असा नियम. पाळीत दुसरी सिस्टरच नसेल तर दुसरी सही कोण करणार?

रक्ताचंही तसंच. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असतं ८०-९० मिली, चहाच्या लहान कपाएवढंही नाही. सॅम्पल घेताना दोन मिली जास्त गेलं तर मोठ्या माणसाला कळणारही नाही, या बाळाला रक्त चढवायची वेळ लवकर येते.

मग दूध. १,३०० ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी नळीने दूध जातं. सिरिंजचा दांडा काढून ती उंच धरायची आणि दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं. चार बाळं म्हणजे दोन तासांतला जवळजवळ तास सिरिंज धरण्यातच गेला. उरलेल्या तासात चौघांचं तापमान, श्वास, नाडी, सलाईनची जागा सुजली का ते पाहणं, पंपाचा आकडा, लंगोट, नोंदी. शिवाय प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुणं. घाई झाली की सगळ्यात आधी हात धुणं सुटतं. त्यानंतर दांड्याने दूध ढकलणं सुरू होतं, मग उलटी, मग दूध छातीत. जंतुसंसर्ग झाला की वरिष्ठ विचारतात, ‘कुणी निष्काळजीपणा केला?’ त्या रात्रीचा ड्युटीचा तक्ता मात्र कुणी मागवत नाही.

ऑक्सिजनचं तर सांगायलाच हवं. कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ऑक्सिजनवर असताना ९० ते ९५च्या दरम्यान ठेवायचं असतं. खाली गेलं की अलार्म वाजतो, सिस्टर धावत येऊन ऑक्सिजन वाढवते, बाळ गुलाबी होतं. आता पाच-दहा मिनिटांनी परत येऊन तो कमी करायचा असतो. चार बाळं असलेली सिस्टर तोवर तिसऱ्या वॉर्मरवर अडकलेली असते. सॅच्युरेशन ९९-१०० वर तासभर राहतं आणि ते पाहून बाहेरच्या नातेवाइकांना बरं वाटतं. पण या जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढायचा धोका वाढतो. त्याला आरओपी म्हणतात, वेळेत सापडला नाही तर अंधत्व येऊ शकतं. सीपॅपच्या नळ्यांची टोकं नाकाच्या पडद्यापासून दोन-तीन मिलिमीटर दूर ठेवावी लागतात, नाहीतर एका रात्रीत कातडी सोलते. हे दोन-तीन मिलिमीटर पुस्तकात वाचून हाताला कळत नाहीत.

थोड्या मोठ्या मुलांच्या आयसीयूची गोष्ट निराळी आहे आणि तितकीच कठीण. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, आमच्या पट्ट्यातले पीआयसीयू (मुलांचे आयसीयू) डेंग्यूने भरतात. मोठ्या माणसाचं बीपी पडायला लागलं की मॉनिटर सांगतो. लहान मूल बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, ते पडलं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, नखाखालचा रंग दाबून सोडल्यावर परत यायला वेळ लागतो. आणि मूल गप्प होतं. मघापर्यंत सुई बघून किंचाळणारं पोर सुई लावू देतं, तेव्हा अनुभवी सिस्टर डॉक्टरांना उठवते. नवीन मुलगी समाधानाने लिहिते, ‘पेशंट शांत आहे.’

आता, मुलांसाठी वेगळं शिक्षण असतं का? असतं, पण ते वॉर्डात फारसं पोहोचत नाही. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. दोन्हीत बालआरोग्य हा विषय असतो आणि मुलांच्या वॉर्डात काही आठवड्यांची पोस्टिंग. त्यानंतर नवजात शिशू परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एमएस्सीला बालआरोग्य हा विषय घेता येतो. पण डिप्लोमा करायचा म्हणजे वर्षभर पगार सोडायचा किंवा फी भरायची, आणि परत आल्यावर बहुतेक खासगी हॉस्पिटलांत पगारात काहीच फरक पडत नाही. एमएस्सी झालेल्या मुली कॉलेजात शिकवायला जातात. दिवसाची ड्युटी, रविवार सुटी. मी त्यांना नावं ठेवत नाही, आज मीही त्यांच्यातच बसते. पण बालपरिचर्येत सगळ्यात जास्त शिकलेली बाई बाळापासून सगळ्यात लांब बसते, हे विचित्रच आहे.

त्यामुळे आपल्याकडची मुलांची तज्ज्ञ सिस्टर खऱ्या अर्थाने वॉर्डातच घडते. नवी मुलगी येते, पहिले दोन-तीन महिने ती जुनीच्या मागे फिरते. सहा महिन्यांनी तिला स्थिर बाळं देता येतात. व्हेंटिलेटरवरचं बाळ रात्री एकटीवर सोपवायला मला साधारण वर्ष लागायचं, काहींना त्याहून जास्त. आणि दीड-दोन वर्षांत ती जाते. माझ्या मते अडचणीचा गाभा हा आहे. नर्सिंग कॉलेजं कमी नाहीत. लातूर, नांदेड, सांगली, कोल्हापूरकडून आणि केरळ, मणिपूरकडून मुली येतच असतात. सिस्टर तयार होते, ती टिकत नाही. आणि ती गेली की दोन वर्षांचं शिक्षण तिच्याबरोबर जातं, तिच्या जागी येणारी पुन्हा अमिकासिनच्या कुपीपासून सुरुवात करते. जाहिरात देऊन भरलेली जागा कागदावर भरलेली दिसते, बाळाच्या दृष्टीने ती आणखी वर्षभर रिकामीच.

त्या जातात कुठे? पहिलं उत्तर सरकारी नोकरी. अधिपरिचारिकांच्या, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सच्या, भरतीची जाहिरात आली की खासगी एनआयसीयूच्या इन्चार्जच्या पोटात गोळा येतो, कारण फॉर्म सगळ्याच भरतात. का भरू नयेत? केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. खासगीत काय असावं यावर सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने म्हटलं, २०० हून जास्त बेडच्या हॉस्पिटलने सरकारी वेतनाइतकं द्यावं, १०० ते २०० बेडचं असेल तर दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावं, ५० ते १०० बेड असतील तर पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावं, आणि ५० बेडच्या खाली किमान २० हजार. शिफारस बरी आहे, पण अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. शिवाय एक खोच कुणाच्या लक्षात येत नाही. मुलांची बहुतेक खासगी हॉस्पिटलं ५० बेडच्या आतली. म्हणजे जिथे काम सगळ्यात नाजूक, तिथे शिफारशीतला दर सगळ्यात खालचा. बेड मोजून पगार ठरवला की असं होतं.

दुसरं उत्तर परदेश. ब्रिटन, आखात, हल्ली जर्मनी. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्या मुलीला मी कधी अडवलं नाही, उलट पत्रं लिहून दिली. पण इथेही एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, नुकसानच. ब्रिटनमध्ये नोंदणीतच मुलांची नर्स ही वेगळी शाखा आहे, प्रौढांची वेगळी. आपलं शिक्षण सर्वसाधारण असल्यामुळे इथून जाणाऱ्या मुलीची नोंदणी बहुधा प्रौढांच्या शाखेत होते. पाच वर्षं एनआयसीयूत घालवलेली मुलगी तिकडे वयस्करांच्या वॉर्डात लागते. ठाण्याच्या बाळाने ती गमावली आणि तिकडच्या बाळालाही ती मिळाली नाही.

तिसरं कारण कुठल्याच अहवालात नसतं: घर आणि लोकल. ठाण्यात हॉस्पिटलजवळ भाड्याने राहणं सिस्टरला परवडत नाही, ती राहते दिवा, टिटवाळा, बदलापूरला, नाहीतर कोपरखैरण्यात चौघी मिळून एका खोलीत. लग्न होईपर्यंत ते निभतं. स्वतःचं मूल झालं की रात्री आठ ते सकाळी आठची ड्युटी आणि वर दोन्हीकडचा प्रवास कसा जमवायचा? दुसऱ्यांची तान्ही बाळं सांभाळण्यात तरबेज झालेली बाई स्वतःच्या तान्ह्यासाठी नोकरी सोडते. ज्या मोजक्या हॉस्पिटलांनी जवळ खोल्या घेऊन दिल्या, पाळणाघराची सोय केली आणि बाळंतपणानंतर वर्षभर नाइट दिली नाही, तिथल्या सिस्टर टिकल्याचं मी पाहिलं आहे. हे व्हेंटिलेटरपेक्षा स्वस्त पडतं. उलट काही ठिकाणी मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतात, बाँड लिहून घेतात. अडकवून ठेवलेली सिस्टर अंगाने वॉर्डात असते, मनाने इंटरव्ह्यूत.

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत पगार बरा, तरी प्रश्न सुटलेला नाही. तिथे बदल्या असतात. नवजात कक्षाचं प्रशिक्षण दिलेली अधिपरिचारिका काही महिन्यांनी सर्जिकल वॉर्डात जाते, कारण रोटेशन हा नियम आहे आणि सगळ्यांना सगळं यावं अशी जुनी समजूत आहे. दुसरीकडे मोठा भाग कंत्राटी. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. चौकशीनंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत कंत्राटी परिचारिकाही होत्या. दोष कुणाचा यात मी पडत नाही. पण अशा कक्षाचा भार ज्यांच्यावर टाकायचा, त्यांची नोकरीच वर्षाच्या कराराची असावी, हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

हा भार किती आहे तेही बघा. ठाण्या-कळव्याच्या सार्वजनिक रुग्णालयांत फक्त शहरातली मुलं येत नाहीत. शहापूर, मुरबाड, पालघरकडचं जव्हार-मोखाडा, सगळीकडून मुलं खाली येतात, बरीचशी उशिरा. नवी मुंबईत तर खास विषयांची केंद्रं झाली आहेत. खारघरला टाटाचं कॅन्सरसाठीचं अ‍ॅक्ट्रेक आहे, मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचं मोफत केंद्र आहे. कॅन्सरच्या मुलाला कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून केमो देणं वेगळं, हृदयाच्या ऑपरेशननंतरचं सहा महिन्यांचं बाळ सांभाळणं वेगळं. या सगळ्यांना हव्या असलेल्या सिस्टर त्याच एका छोट्या विहिरीतून उपसल्या जातात. नवं मोठं हॉस्पिटल उघडलं की आजूबाजूचे तीन-चार छोटे एनआयसीयू महिनाभर लंगडतात. उद्घाटनाच्या बातमीत हे नसतं.

काय करता येईल, असं कुणी मला विचारलंच तर मी आधी नोंदणी वेगळी करा म्हणेन. १९४७चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बदलून २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला आहे. बालपरिचर्येची वेगळी नोंद आणि तिला जोडलेला वेगळा भत्ता, एवढं जरी झालं तरी तिसऱ्या वर्षी मुलीला थांबायला कारण मिळेल. पालिकांनी मुलांच्या विभागातल्या प्रशिक्षित सिस्टरना रोटेशनमधून निदान पाच वर्षं वगळावं. याला एक रुपया लागत नाही, एक परिपत्रक लागतं. नवीन कॉलेजं काढण्यावर माझा फारसा भरवसा नाही. गळक्या टाकीत पाणी वाढवून काय होणार?

आता तुमच्या बाळाकडे येते. डॉक्टरांना विचारा, ‘आमचं बाळ सध्या कुठल्या पातळीचं आहे, आणि रात्रीच्या पाळीत त्याच्या सिस्टरकडे आणखी किती बाळं असतात?’ आवाज चढवून विचारू नका, नीट विचारा. चांगलं युनिट उत्तर देतं. बाळ व्हेंटिलेटरवर असेल आणि सिस्टरकडे आणखी तीन असतील, तर दुसरीकडे हलवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पण घाईने, साध्या अ‍ॅम्ब्युलन्समधून, नवजात बाळ हाताळणारं माणूस बरोबर नसताना अजिबात हलवू नका. वाटेतली थंडीच बाळाला आणखी बिघडवते. बाळ सीपॅपवरून उतरलेलं असेल, नुसतं दूध वाढवणं चालू असेल, तर चाराला एक हे प्रमाण चालण्यासारखं आहे. रात्रीची सिस्टर नोंदणीकृत आहे का, मुलांच्या आयसीयूत किती वर्षं आहे, हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एकाच रंगाच्या गणवेशात जीएनएम, त्याहून कमी शिक्षणाची एएनएम आणि नुसती हाताखाली शिकलेली मुलगी, तिघी असू शकतात.

सिस्टरशी भांडू नका. तिच्यावर चार बाळांचा भार तिने स्वतः घेतलेला नाही. तुमची बहीण चालू-फिरू लागली असेल तर तिला आत बसू द्यायचा आग्रह धरा. बाळ स्थिर असेल तर कांगारू पद्धतीने, उघड्या छातीशी, जितके तास जमेल तितके. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवायला सुरुवात केली, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालं. तुमच्या भाच्याचं वजन नेमकं त्याच गटातलं आहे. काही युनिटं ‘गर्दी होते, इन्फेक्शन होतं’ म्हणून आईला बाहेर बसवतात. हात धुतलेली आई म्हणजे गर्दी नव्हे. बाळाचा श्वास थांबला तर छातीशी धरलेल्या आईला तो अलार्मच्या आधी कळतो. दूध काढून ठेवणं, ते स्वतःच्या हाताने सिस्टरकडे देणं, नळीने दूध उतरताना सिरिंज धरायला शिकणं, हे सगळं ती करू शकते. औषध, पंप, ऑक्सिजनचा खटका याला मात्र घरच्या कुणीही हात लावायचा नाही. सॅच्युरेशन १०० दिसलं तर खूश होऊ नका, सिस्टरला शांतपणे सांगा. तिला वाईट वाटणार नाही, तुम्ही तिचे दोन जादा डोळे आहात.

आणि एक तारीख आजच कागदावर लिहा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे आरओपीसाठी तपासावे लागतात. तुमच्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या सुमाराला व्हायला हवी, म्हणजे तिसावा दिवस उलटू द्यायचा नाही. तोवर घरी सोडलं असेल तरीही. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख आणि डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पूर्वी या तारखा युनिटमधल्या जुन्या सिस्टरच्या डोक्यात असायच्या, ती स्वतः फोन करून बोलावून घ्यायची. आता ती तिथे असेलच असं नाही. तेव्हा ही तारीख तुम्हीच सांभाळा.